रंग आधी ठरवा, मग क्लिक करा: घरच्या कार्यक्रमांसाठी थेट कॅमेऱ्यातली जेपीईजी

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे "अं…" आणि "म्हणजे कसं आहे ना" बरेचसे गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. सेटिंगची नावं नुसती ऐकून लक्षात राहत नाहीत, त्यामुळे हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला जास्त सोयीचा पडेल असं मला वाटतं.

विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून निघाला. प्रश्न असा: "नवीन मिररलेस घेतलाय. मामेबहिणीचं लग्न आहे. व्हिडिओंमध्ये सगळे सांगतात की रॉमध्येच शूट करा, नाहीतर एवढा महाग कॅमेरा घेऊन उपयोग काय. पण मला एडिटिंग येत नाही आणि ऑफिस सांभाळून शिकायला वेळही नाही. काय करू?"

माझं उत्तर: जेपीईजी काढा. बिनधास्त काढा. मात्र कॅमेरा डब्यातून काढला तसाच वापरून नाही. थोडी तयारी करून. ती तयारी काय, हेच आज सांगायचंय.

आधी माझी बाजू स्पष्ट करतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, फोटोग्राफी हा धंदा नाही. पण आमच्या घरात बारसं असो, मुंज असो, गौरी-गणपती असो, "कॅमेरा आणशील ना रे?" हा फोन मलाच येतो. तुमच्यापैकी अनेकांची हीच अवस्था असणार. ज्याच्याकडे कॅमेरा, तो घरचा फोटोग्राफर. पैसे नाहीत, पंगतीत बसायला वेळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन: "अरे, फोटो कधी टाकतोयस?"

आत्याचा हा प्रश्न मी फार गंभीरपणे घेतो. कारण घरच्या फोटोला एक मुदत असते. लग्न झालं की पाहुणे दोन-तीन दिवसांत पांगतात. काका दुबईला, मावशी साताऱ्याला, नवरा-नवरी देवदर्शनाला. त्या दोन-तीन दिवसांत फोटो हातात पडले तर ते बघितले जातात, "हा बघ कसा दिसतोय" म्हणून फिरवले जातात, आजीला मोठे करून दाखवले जातात. महिन्याने दिलेले फोटो कितीही सुंदर असले तरी ग्रुपवर चार अंगठे मिळतात आणि विषय संपतो.

आता हिशेब करू. दोन दिवसांचं लग्न, साधारण १२०० क्लिक. त्यातले निवडून ३०० ठेवले. प्रत्येक रॉ फाइलवर तीन मिनिटं धरली तर ९०० मिनिटं, म्हणजे १५ तास. नोकरी करून रोज रात्री एक तास म्हटलं तरी पंधरा रात्री. यात मध्येच रिलीज आली की काम आणखी लांबतं. एकसारख्या उजेडातल्या फोटोंना एकच सेटिंग चिकटवून हा वेळ कमी करता येतो, मान्य. पण मांडवातून हॉलमध्ये, हॉलमधून अंगणात अशी पळापळ असते तेव्हा एकसारखा उजेड मिळतो कुठे?

रॉ म्हणजे सोर्स, जेपीईजी म्हणजे बिल्ड

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. रॉ फाइल म्हणजे सोर्स कोड. तो अजून फोटो नाही. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर किती उजेड पडला, एवढीच नोंद. बहुतेक कॅमेऱ्यांत त्या ठिपक्यांवर रंगीत चाळणी असते, निम्मे ठिपके हिरव्यासाठी, पाव लाल, पाव निळ्यासाठी. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग माहीत, बाकीचे दोन शेजाऱ्यांकडून अंदाजाने काढायचे. मग व्हाइट बॅलन्स लावायचा, कॉन्ट्रास्ट ठरवायचा, रंग फुलवायचे, दाणे घासायचे, कडा धारदार करायच्या. हे सगळं झालं की फोटो तयार होतो.

हे काम तुम्ही लॅपटॉपवर करा किंवा कॅमेऱ्यातला प्रोसेसर करू दे. जेपीईजी म्हणजे कॅमेऱ्याने तिथल्या तिथे करून दिलेला बिल्ड. गंमत म्हणजे तुम्ही फक्त रॉ काढत असलात तरी मागच्या स्क्रीनवर दिसतं ते चित्र जेपीईजीचंच असतं. हिस्टोग्रामही त्याचाच. म्हणून तर "कॅमेऱ्यावर छान दिसत होता, लॅपटॉपवर फिका का झाला?" हा प्रश्न रॉवाल्यांना पडतो. सॉफ्टवेअरने आपल्या पद्धतीने नवा बिल्ड केला, एवढंच.

बिल्डमध्ये काय गमावतो? रॉमध्ये प्रत्येक ठिपक्याला साधारण १२ किंवा १४ बिट असतात, म्हणजे ४०९६ किंवा १६३८४ पायऱ्या. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, २५६ पायऱ्या. बघायला २५६ पुरतात. पण नंतर ओढाताण करायला पुरत नाहीत. अंधारलेला चेहरा दोन स्टॉप उचलला की पट्टे पडतात, डाग दिसतात. आणि जो भाग पूर्ण पांढरा होऊन गेला, तिथून काहीच परत येत नाही. रॉमध्येही येईलच असं नाही, पण थोडी जागा असते.

म्हणजे खरा धोका दोनच ठिकाणी आहे. रंगाचा तोल, आणि उडालेला उजेड. या दोन गोष्टी जागेवर सांभाळल्या की बाकी सगळं जेपीईजी निभावून नेते. तिसरी एक छोटी भानगड आहे, लाल रंगाची. तिच्याकडे नंतर येतो.

मंगल कार्यालयातला उजेड

परदेशी व्हिडिओंमधल्या लग्नात मोठ्या खिडकीतून मऊ उजेड येतो आणि नवरी पांढऱ्या कपड्यात उभी असते. आपल्याकडे काय असतं? छताला पांढऱ्याफटक एलईडी ट्यूब, स्टेजवर पिवळे हॅलोजन किंवा वॉर्म दिवे, मागे जांभळ्या फ्लडलाइट, बाजूच्या दारातून दुपारचं ऊन, आणि डोक्यावर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव. त्या कापडातून गाळून आलेला उजेड सगळ्यांच्या कपाळावर.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. समईची ज्योत २००० च्या आतबाहेर. जुना पिवळा बल्ब २७००. भर उन्हात ५२०० ते ५५००. सावलीत ७००० किंवा त्याहून वर. आणि एलईडी ट्यूब घेताना खोक्यावर "कूल डेलाइट ६५००" लिहिलेलं तुम्ही वाचलं असेलच, तो आकडा हाच. म्हणजे एकाच हॉलमध्ये २७०० आणि ६५०० शेजारी शेजारी नांदतायत.

ऑटो व्हाइट बॅलन्स हल्ली पुष्कळ सुधारलाय. रोजच्या वापरात मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आपल्या समारंभांत तो दोन ठिकाणी हमखास घोळ घालतो. पहिलं ठिकाण हळद. सगळी चौकट पिवळी, साड्या पिवळ्या, झेंडूच्या माळा पिवळ्या, गालावर हळद. कॅमेऱ्याला वाटतं की उजेडच पिवळा आहे, आणि तो समतोल साधायला निळं ओततो. हळद फिकट लिंबासारखी दिसते आणि चेहरे राखेसारखे. दुसरं, एकामागोमाग काढलेल्या फोटोंमध्ये रंग बदलत राहतो. मामी हिरव्या शालूत पुढे आली की एक रंग, बाजूला झाली की दुसरा. असे ३०० फोटो मग एकेक करून जुळवत बसावं लागतं, आणि तेच तर टाळायचंय.

उपाय कंटाळवाणा आहे पण तीस सेकंदांचा. कस्टम व्हाइट बॅलन्स. जिथे मुख्य विधी होणार तिथे, म्हणजे पाटावर किंवा चौरंगाच्या जागी, एक ग्रे कार्ड धरायचं आणि मेनूत जाऊन त्यावरून मोजमाप घ्यायचं. कार्ड नसेल तर साधा पांढरा छापायचा कागद चालतो, प्रिंटरमध्ये घालतो तो. लग्नपत्रिका मात्र वापरू नका, ती बहुतेक वेळा मोतिया किंवा क्रीम असते. भटजींचं उपरणंही नको, त्याच कारणाने. आणि कार्ड धरताना त्यावर तोच उजेड पडला पाहिजे जो नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर पडणार आहे. तुम्ही उभे आहात तिथला उजेड मोजून उपयोग नाही.

एवढंही जमत नसेल तर केल्विनचा आकडा हाताने टाका. ट्यूबच्या उजेडातल्या हळदीला ५५०० ते ६५०० च्या दरम्यान कुठेतरी ठेवून एक फोटो काढा, स्क्रीनवर बघा, जरा खालीवर करा आणि मग त्याला हात लावू नका. आकडा अचूक नसला तरी सगळे फोटो एकसारखे चुकलेले असतात. एकसारखी चूक एका फटक्यात दुरुस्त होते. बग रिप्रोड्यूस होत असला की निम्मं काम झालेलं असतं, तसंच.

घरच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांत, म्हणजे गणपतीची आरती, कोजागिरी, ओवाळणी, मी ऑटोच ठेवतो, पण त्याचा उबदारपणा राखणारा प्रकार निवडतो. कॅनन, सोनी आणि नवीन फुजी कॅमेऱ्यांत ऑटोमध्ये "अ‍ॅम्बियन्स" असा पर्याय मिळतो, निकॉनमध्ये वातावरण किंवा उबदार प्रकाश राखणारे ऑटो असतात. निरांजनाचा उजेड पांढरा करून टाकला तर मग फोटो कसला काढलात?

जांभळे-निळे डीजे लाइट हा वेगळा प्रकार. तिथे व्हाइट बॅलन्स चालत नाही, रॉसुद्धा फारसं काही करू शकत नाही, कारण त्या उजेडात बाकीचे रंग नसतातच. संगीताच्या कार्यक्रमात मी सरळ कॅमेरा मोनोक्रोमवर टाकतो. लोक म्हणतात, वा, काय कलात्मक! म्हणू देत.

पांढरी टोपी आणि सावळा चेहरा

आता उजेडाकडे. आपल्या समारंभात सर्वांत उजळ गोष्टी कुठल्या? आजोबांची टोपी, धोतर, गजरा, मुंडावळ्यांचे मोती, शालूची जर. आणि त्यांच्याच शेजारी आपले गहू-सावळे चेहरे. चेहरा नीट दिसावा म्हणून उजेड वाढवला की टोपी कागदासारखी कोरी होते. टोपी वाचवली की चेहरा काळवंडतो.

जेपीईजीमध्ये नियम एकच: उजळ बाजू आधी वाचवा, सावल्या कॅमेऱ्याला उचलू द्या. ही सोय सगळ्या कंपन्या देतात, नावं वेगळी. फुजीमध्ये डायनॅमिक रेंज, डीआर २०० किंवा ४००. निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग. कॅननमध्ये हायलाइट टोन प्रायॉरिटी आणि ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर अशा दोन. सोनीमध्ये डीआरओ. आतली यंत्रणा प्रत्येकाची निराळी आहे. फुजीचं डीआर २०० मुळात उजेड एक स्टॉप कमी घेतं आणि मग मधले नि गडद भाग वर आणतं, म्हणून त्यासाठी किमान आयएसओ दुप्पट लागतो. सोनीचं डीआरओ मुख्यतः सावल्या उजळ करतं. तुम्हाला यातलं पाठ करायची गरज नाही. मधली पातळी लावा, सर्वांत वरची नको. वरच्या पातळीवर चित्र सपाट होतं, सगळीकडे सारखाच उजेड पडल्यासारखं.

सोबत हायलाइट अलर्ट चालू ठेवा, म्हणजे उडालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. बल्ब लुकलुकला तर सोडून द्या. टोपी किंवा गाल लुकलुकले तर एक्स्पोजर एक-तृतीयांश किंवा दोन-तृतीयांश स्टॉप खाली. रॉवाल्यांना हे अलर्ट थोडे दिशाभूल करणारे वाटतात, कारण ते जेपीईजीवरून काढलेले असतात. आपण जेपीईजीच काढतोय, म्हणजे आपल्यासाठी ते तंतोतंत खरे.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, थोडी चिडूनच. काही कॅमेऱ्यांत त्वचा गुळगुळीत करायची सेटिंग असते. बंद करा. तशीच नॉइज रिडक्शनही कमी करा, निदान एक-दोन पायऱ्या. जास्त आयएसओला ती माणसाचं मेण करून ठेवते. "जरा गोरं करून दे ना" म्हणणारे प्रत्येक घरात असतात, मीही ऐकतो आणि हसून सोडून देतो. आजीच्या सुरकुत्या खऱ्या आहेत, त्या राहू द्या. थोडे दाणे दिसले तर दिसले. मोबाइलच्या स्क्रीनवर ते कोणाला दिसतही नाहीत.

लाल रंगाची भानगड

कुंकू, लाल पैठणी, जास्वंदाचा हार. यांचे फोटो बघा. बऱ्याचदा साडीच्या निऱ्या गायब असतात, नुसता लाल ठोकळा. फोकस बरोबर, उजेड बरोबर, तरी असं का? कारण हिस्टोग्राम एकूण उजेडाचा बघितला तर ठीक दिसतो, पण एकटा लाल चॅनेल २५५ ला टेकलेला असतो. टेकल्यावर घडी आणि घडीची सावली यांत फरकच उरत नाही. त्यात रंगाचा प्रोफाइल "व्हिव्हिड" असेल तर आगीत तेल.

म्हणून लग्नासाठी भडक प्रोफाइल टाळा. फुजीमध्ये व्हेल्विया नको, अस्टिया किंवा प्रो निगेटिव्ह घ्या. निकॉन-कॅननमध्ये पोर्ट्रेट किंवा न्यूट्रल, सोनीमध्ये पीटी किंवा एनटी. सॅच्युरेशन एक पायरी खाली. आपल्या कपड्यांत, फुलांत, रांगोळीत रंग मुळातच इतका असतो की कॅमेऱ्याने भर घालायची गरज नसते. न्यूट्रल फारच मवाळ वाटला तर कॉन्ट्रास्ट किंचित वाढवा, रंग नको.

जाता जाता, प्रोव्हिया, व्हेल्विया, अस्टिया ही फुजीच्या जुन्या स्लाइड फिल्मची नावं आहेत. तेव्हा रंगाचा निर्णय दुकानात रोल घेतानाच व्हायचा. ३६ फोटोंचा रोल, कोपऱ्यावरच्या कलर लॅबमध्ये दिला की प्रिंट हातात. तुमच्या आईबाबांच्या लग्नाच्या अल्बममध्ये कोणी रंग सुधारत बसलं नव्हतं. तो अल्बम आजही पाहुणे आले की बाहेर निघतो. मला जेपीईजीची पद्धत त्या रोलच्या पद्धतीसारखी वाटते, फक्त रोल दर फोटोला बदलता येतो.

अजून दोन बारीक सेटिंग, पटकन. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे आणि रंगाचे डाग सहसा येत नाहीत. हॉलमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, मेकॅनिकल वापरा, किंवा अँटी-फ्लिकर चालू करा. असा पट्टा एकदा आला की रॉमधूनही तो पुसायला घाम फुटतो. आणि कलर स्पेस एसआरजीबीच ठेवा. अडोबी आरजीबी नाव भारदस्त आहे, पण ग्रुपवर किंवा गावातल्या लॅबमध्ये गेल्यावर रंग मेलेले दिसू शकतात.

फोटो पोहोचवणं

मी कार्यक्रमातच, जेवणाच्या पंगती चालू असताना, कॅमेऱ्यावर स्टार देऊन टाकतो. आवडला की एक स्टार, बाकी विचार नाही. रात्री घरी गेल्यावर तेवढेच लॅपटॉपवर घेतो. साधारण पन्नास-साठ फोटो सरळ करणं, कडेला डोकावणारा वाढप्याचा हात कापणं, कुठे किंचित उजेड वाढवणं. अर्धा-पाऊण तास. हो, जेपीईजीमध्ये एवढं एडिटिंग आरामात होतं. एकदा उघडून, बदलून, चांगल्या गुणवत्तेत सेव्ह केल्याने डोळ्याला कळेल असं काही बिघडत नाही. तीच फाइल दहा वेळा उघड-सेव्ह करायची नाही, आणि मूळ फाइल बाजूला जपून ठेवायची, इतकंच.

झोपण्याआधी निवडक तीस-चाळीस फोटो ग्रुपवर. बाकीचे दुसऱ्या दिवशी लिंकने. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने टाकलेला फोटो लहान होतो आणि कधी काढला ती माहितीही त्यातून निघून जाते. बघायला तो चालतो. पण आजी-आजोबांचे, कुटुंबाचे एकत्र असे जे आठ-दहा फोटो असतात ते मी डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

याचं कारण सांगतो. आमच्या थोरल्या काकांचं निधन झालं तेव्हा रात्री साडेदहाला चुलतभावाचा फोन आला. सकाळी हाराचा फोटो हवा होता, आणि पेपरात द्यायलाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो ज्यांनी काढले होते त्यांच्याकडून अल्बम अजून यायचा होता. भावाने स्वतःच्याच मोबाइलमध्ये शोधलं. आदल्या गणपतीला मी त्याच रात्री डॉक्युमेंट म्हणून टाकलेला एक फोटो निघाला. आरतीनंतर काका तबक घेऊन उभे, कोणाशी तरी बोलता बोलता हसतायत. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्याने तो सकाळी आठला बारा बाय अठरा इंचात छापून दिला. मला लॅपटॉपसुद्धा उघडावा लागला नाही. काकूंच्या हॉलमध्ये आता तोच फोटो आहे.

त्या जागी रॉ फाइल असती, तर त्या स्टुडिओत ती उघडली असती का? कदाचित असती, कदाचित नसती. प्रत्येक कंपनीचं रॉ वेगळं, दर नव्या कॅमेऱ्यासाठी सॉफ्टवेअर अपडेट लागतं. जेपीईजीचं मानक १९९२ सालचं आहे आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे उघडतं. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जी फाइल मी नसताना माझ्या घरच्यांना उघडता येत नाही, ती त्यांच्या दृष्टीने नाहीच.

छपाईचाही हिशेब देतो, कारण "जेपीईजी छापायला कमी पडते" हा गैरसमज जुना आहे. चार बाय सहाच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपक्यांनी १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. बारा बाय अठराला २०० ठिपक्यांनी साडेआठ मेगापिक्सेलच्या आसपास. तुमचा कॅमेरा २४ चा आहे. फक्त मेनूत गुणवत्ता "फाइन" आणि आकार "लार्ज" आहे ना, ते बघा.

मग रॉ कधीच नाही?

असं नाही. कॅमेऱ्यात रॉ अधिक जेपीईजी असा पर्याय असतो. अक्षता पडतात तो क्षण, सप्तपदीत होमाचा धूर आणि मागून येणारं ऊन, पाठवणी. अशा वेळी मी दोन्ही चालू करतो. कार्ड दोन असतील तर एकावर रॉ, एकावर जेपीईजी. देताना जेपीईजीच द्यायची. एखादा फोटो फसला आणि तो फार जवळचा असेल, तरच रॉ उघडायची. विम्यासारखी. कार्डावर जागा जास्त लागते, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात जेपीईजी दहाएक एमबीची आणि रॉ तिच्या दुप्पट-तिप्पट, पण हल्ली कार्ड परवडतात.

आणि रॉ उघडायलाही प्रत्येक वेळी लॅपटॉप लागत नाही. फुजी, निकॉन आणि बऱ्याच कॅनन कॅमेऱ्यांत रॉवरून पुन्हा जेपीईजी बनवता येते, तिथल्या तिथे. प्लेबॅकमध्ये जाऊन रॉ कन्व्हर्जन किंवा रॉ प्रोसेसिंग असं काहीतरी शोधा. व्हाइट बॅलन्स बदला, उजेड जरा वर घ्या, सेव्ह करा. रिसेप्शनच्या रांगेत उभं राहून हे होतं.

पैसे घेऊन लग्न शूट करणाऱ्यांना मी हे सांगत नाहीये. त्यांची जबाबदारी वेगळी, त्यांच्याकडे माणसं आणि वेळ असतो. त्यांनी रॉच काढावं. पण श्रोत्याचा प्रश्न मामेबहिणीच्या लग्नाचा आहे, आणि तिथे तो पाहुणाही आहे. करवलीसोबत नाचायचंही आहे त्याला.

तर त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठी, करायचं काम असं. कार्यक्रमाच्या आदल्या शनिवारी एक तास काढा. कॅमेऱ्याच्या डायलवर सी१, सी२, सी३ असे कप्पे असतात किंवा मेनूत बँक असतात. पहिल्यात हॉल: शटर १/१००, ऑटो आयएसओची कमाल ६४००, डायनॅमिक रेंज मध्यम, पोर्ट्रेट प्रोफाइल, कस्टम व्हाइट बॅलन्स. दुसऱ्यात दिवसाचं अंगण: शटर १/२५०, व्हाइट बॅलन्स डेलाइट, डायनॅमिक रेंज तशीच. तिसऱ्यात घरची संध्याकाळ: ऑटो अ‍ॅम्बियन्स, नॉइज रिडक्शन कमी, लेन्स जितकी उघडते तितकी उघडी. मग घरातल्याच कोणालातरी ट्यूबखाली, गच्चीवर आणि देवघरासमोर उभं करून तिन्ही तपासा. तेच फोटो मोबाइलवर पाठवून बघा, कारण लोक तिथेच बघणार आहेत. चेहरा पिवळट वाटला तर व्हाइट बॅलन्स शिफ्ट निळ्याकडे एक घर सरकवा आणि कप्पा पुन्हा सेव्ह करा. हे सेव्ह करणं विसरलात तर कॅमेरा बंद केल्यावर सगळं मूळपदावर येऊ शकतं.

फ्लॅशबद्दल आज मुद्दाम बोललो नाही. छतावरून उजेड उसळवायचा म्हटला तर आपल्याकडची छतं गुलाबी, हिरवी, नाहीतर झालरीची असतात, आणि मग आज सांगितलेलं व्हाइट बॅलन्सचं गणित पुन्हा मांडावं लागतं. तो पुढचा भाग. तोपर्यंत तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल आणि अडलेली सेटिंग कळवा, जमेल तेवढ्यांची उत्तरं त्यातच घेतो.